एका गावाचे दोन अर्ज

आमच्या काकूचं घड्याळ घराच्या मागच्या भिंतीपलीकडे होतं. तिथे मारुतीच्या देवळाच्या ओवरीत गावची शाळा भरायची. सकाळी पोरांनी पावकी सुरू केली की काकू भाकरीचं पीठ मळायला घ्यायची, निमकी संपत आली की तव्यावर पहिली भाकर पडायची, आणि सतराच्या पाढ्याला तुरीचं वरण चुलीवरून खाली उतरायचं. काकूला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण भाकर थापताना तिचे ओठ पोरांच्या बरोबरीने हलायचे. मी नवी नवी आले होते तेव्हा तिने मला एकदा विचारलं, "सतरा चोक किती व, शालू?" मी मनातल्या मनात इंग्रजीत मोजायला लागले. तोवर तिने "अडुसष्ट" म्हणून भाकर उलटलीसुद्धा. "एवढी इंग्रजी शिकली अन् सतराचं येत नाई तुले!" असं म्हणून ती हसली. माझी आई जात्यावर बसली होती, तीही हसली. वडील गेल्यापासून आईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

वडील भुसावळला रेल्वेत कारकून होते. तिथे ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत मी शिकले. सगळं इंग्रजीतून. प्रार्थना इंग्रजी, शिवणकाम इंग्रजी, शिक्षाही इंग्रजी. मराठी घरात आईशी बोलण्यापुरती. वडील तापाने गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि काका बैलांची रेंगी घेऊन वाशीमच्या स्टेशनावर आम्हाला न्यायला आले. पंधरा वर्षांची मी, एक ट्रंक, आणि पुस्तकांचं एक गाठोडं, जे काकांनी रेंगीत चढवताना "यात काय धोंडे हायेत काय बापा?" असं विचारलं होतं. शेलूबाजारापासून दीड कोसावर ते गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नातवंडं अजून तिथे शेती करतात.

गावातल्या बाया मला मडम म्हणायच्या. त्यात कुचेष्टा थोडी आणि कौतुक जास्त होतं, हे आता कळतं. तेव्हा मी त्यांच्यापुढे तोंडच उघडत नसे. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणत आणि मीही तेच मानत आले. पण ते अर्धंच खरं होतं. मी सावध होते. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ज्वारीवर राहणारी मुलगी सावध होते. कोण कोणाशी कसं बोलतं, काकू कोणत्या दिवशी भांडी जोरात आपटते, आई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून जात्यावर का बसते, हे सगळं मी बघत असे. त्या घरात आम्हाला कोणी कधी टाकून बोललं नाही. तरीही आई सगळ्यांच्या आधी उठत होती.

मी गेले त्याच हिवाळ्यात बातमी आली की खर्च कमी करायचा म्हणून लहान गावांतल्या काही शाळा बंद होणार आहेत. आमच्या शाळेत चारच इयत्ता आणि एकच मास्तर. काकांनी ती शाळा आणण्यासाठी कधी काळी बरेच जोडे झिजवले होते. काका स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले, तेही मामाच्या गावी राहून. त्यांची धाकटी मुलगी गोदी आठ वर्षांची होती, ओवरीत बसणाऱ्या तीन मुलींपैकी एक. ती दगडी पाटीवर दिवसभर लिहायची आणि संध्याकाळी पाटी चुलीच्या राखेने घासून ठेवायची, भांडी घासतात तशी. "पोरगी चौथी झाली पायजे," काका म्हणायचे. का, ते सांगायचे नाहीत. त्यांना दुसरीच्या पुढे काय असतं ते पाहायचं होतं, असं मला वाटतं.

काकांची एक ठाम समजूत होती. मराठी अर्ज कारकुनाच्या फडक्यात बांधला जातो, इंग्रजी अर्ज साहेबाच्या टेबलावर जातो. म्हणून मास्तरांनी मजकूर सांगायचा, मी तो इंग्रजीत लिहायचा आणि खाली गावाने सह्या-अंगठे करायचे, असं ठरलं. मी तीन वेळा खर्डा केला. शाळेत आम्हाला पत्राची सुरुवात आणि शेवट घोटून घेतला होता, तो पहिल्यांदाच कामाला आला. काकांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी म्हणाले, "अक्षर गरीब हाये, पन सरय हाये. साहेबाले आवडन."

मग सह्यांची वेळ आली, आणि घोडं तिथे पेंड खायला लागलं. गावात पाटलांच्या घराण्याच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जावी यावरून त्यांच्यात एकदा काठ्या चालल्या होत्या. तेव्हापासून एका साली थोरलीची जोडी पुढे, दुसऱ्या साली धाकटीची, असा रिवाज पडला होता. अर्ज घेऊन काका आधी थोरल्या पातीच्या गणपतरावांकडे गेले. त्यांनी पहिली ओळ आपली म्हणून सांगितलं. धाकट्या पातीचे नारायणराव आमच्या ओसरीवर येऊन बसले. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अण्णाजी, शाया पायजे आमाले. माहे तीन नातू जाते तिथं. पन त्याच्या खाली सही करा म्हनता? यंदा पोयाले जोडी कोनाची पुढं होती?"

"तुमची," काका म्हणाले.

"मंग? कागदावर काहून मांगं राहू?"

"पाटील, हा कागद हाये, पोया नोहे."

"कागद तं पोयाहून वाईट. पोया सांजच्याले सरते. कागद नातवाच्या हाती लागते."

काका पंधरा दिवस या घरातून त्या घरात गेले. दोन्ही बाजूंना शाळा हवी होती. दोन्ही बाजूंना एकमेकांचा रागसुद्धा फारसा नव्हता, एकमेकांच्या शेतातून पाणी जात होतं. फक्त पहिली ओळ एकच होती. काका घरी येत, पायांवर पाणी घेत, जेवत आणि भिंतीला टेकून डोळे मिटत. काकू म्हणायची, "दोघाईच्या तोंडात भाकर एकाच वक्ती कोंबा, तवा सही करतीन."

तेव्हा मी बोलले. त्या घरात कोणी न विचारता बोलायची ती माझी पहिलीच वेळ होती, म्हणून शब्दही आठवतात. मी म्हणाले, "काका, दोन कागद केले तर? मजकूर एकच. एकावर ते वर, एकावर हे वर. दोन्ही एकाच पाकिटात घालू."

काकांनी डोळे उघडले. काकूकडे पाहिलं. "ऐकलं काय व? अन् तुमी पोरीले मुकी म्हनता!" त्या दिवशी काकूने माझ्या भाकरीवर जवसाच्या चटणीबरोबर तेलाची दुसरी पळी सोडली. मी दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून दोन्ही अर्ज सुवाच्य लिहिले. अर्ध्या गावाने एकावर अंगठे केले, अर्ध्या गावाने दुसऱ्यावर. गावाच्या हिशोबी तो एकच अर्ज होता. मी शाळेत शिकलेली, कचेरीत कागद कसा वाचला जातो याचा विचार त्या घरात फक्त मी करू शकले असते. तो मी केला नाही. मला युक्ती सुचल्याचाच आनंद इतका होता.

उत्तर कापूस वेचायच्या दिवसांत आलं. पोस्टमन शेलूबाजारहून आठवड्यातून एकदा यायचा. काका अंगणात कापसाच्या गठ्ठ्यांपाशी उभे होते. लांब पाकीट बघून त्यांनी हात धोतराला पुसले आणि पाकीट मलाच दिलं. आई ओसरीत डाळ निवडत होती, काकू दारात होती, गोदी माझ्या खांद्याला लोंबकळत होती. मास्तरही ओवरीतून आले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

पत्र लहान होतं. त्यात लिहिलं होतं की सदर गावात दोन पक्ष असून दोघांनी स्वतंत्र अर्ज केले आहेत असं दिसतं. कोणता अर्ज गावाचा मानावा हे स्पष्ट नसल्याने शाळा चालू ठेवण्याचा विचार सध्या करता येत नाही. गावाने एकमताने एकच अर्ज केल्यास पुन्हा विचार होईल.

ते मी दोनदा वाचलं. गोदी म्हणाली, "सांग नं व ताई, काय म्हनते साहेब?" माझ्या डोक्यात एवढंच आलं की मी दोन कागद सुचवले. काकूने दिलेलं तेल आठवलं. आई डाळ निवडायची थांबली होती, तिचा हात सुपात तसाच होता. मी म्हणाले, "पैसा नाही म्हणतात."

कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. ते वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. रस्त्याला पैसा नाही, पुलाला पैसा नाही, विहिरीला पैसा नाही. मास्तर नुसते "हं" म्हणाले. काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घालून कोनाड्यात मारुतीच्या तसबिरीमागे ठेवलं आणि परत कापसाकडे वळले. इतकं सोपं झालं ते. आयुष्यात नंतर मी खोटं फार थोडं बोलले, आणि प्रत्येक वेळी त्याला त्याहून जास्त कष्ट पडले.

मी ते सांगेन असं मला वाटत होतं. उद्या, काका एकटे असताना. मग संक्रांत झाल्यावर. मग शिमग्यानंतर. महिना अखेरीला मास्तरांची बदली झाली. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. नुसते होले घुमत होते. काकूचं वरण त्या दिवशी तळाशी लागलं. पुढे काही दिवस ती स्वतःच पावकी म्हणायची, आधी हळू, मग जरा मोठ्याने. पण पंधरावीस पोरांचा आवाज वेळ सांगतो तसा एका बाईचा सांगत नाही. "कुठवर आली व मी?" ती मध्येच विचारायची. शेवटी तिने उन्हाची तिरीप उंबरठ्यावर कुठे येते ते बघायला सुरुवात केली.

मी गोदीला घरी शिकवते म्हणाले. सगळ्यांना ते आवडलं. मीही मनापासून शिकवलं. पण ती माझ्यासमोर एकटी बसायची तेव्हा तिला चूक झाल्याची लाज वाटायची. ओवरीत सगळे मिळून चुकायचे, मिळून ओरडायचे. "ताई, तू हळू बोलते," ती म्हणायची. मी खरंच हळू बोलत असे. वेचणीचे दिवस आले की ती काकूबरोबर शेतात जाई आणि आली की झोपून जाई. पाटी आधी खुंटीला होती, मग माळ्यावर गेली. तेराव्या वर्षी तिचं लग्न मानोऱ्याकडच्या घरी झालं. तिला पत्र वाचता येत होतं, लिहिताना अडखळायची. लग्नानंतर तिने मला एकच पत्र लिहिलं. त्यात तीन ओळी होत्या आणि खाली तिने आपलं नाव दोनदा लिहिलं होतं, पहिलं बरोबर आलं नाही म्हणून.

आणि काका. काका दर साली पोळा झाला की वाशीमला कचेरीत जायचे. पैसा नाही ना, मग पैशाची सोय आपण करू, हे त्यांनी धरलं होतं. एका साली त्यांनी आपल्या वाडीचा तुकडा शाळेला देतो म्हणून कळवलं. दुसऱ्या साली गोठ्यावर घालायला आणलेले सागवानी वासे ओवरीपाशी नेऊन टाकले, शाळेच्या छपरासाठी. मास्तरांना वर्षाची ज्वारी गाव देईल म्हणून दोन्ही पात्यांकडून कबुली घेतली. प्रत्येक अर्ज मीच लिहायची, काकांच्या एकट्याच्या सहीचा. प्रत्येक वेळी उत्तर यायचं की पूर्वीच्या पत्राकडे लक्ष द्यावं. प्रत्येक वेळी मी वाचायची, "पैसा नाही म्हणतात." वासे पावसात काळे पडले. आई एकदा मला विहिरीवर म्हणाली, "तू हल्ली पत्र आमच्याकडे पाठ करून उन्हात का वाचतेस गं?" मी म्हणाले, थंडी आहे. त्या वेळी बैलांच्या पाठीसुद्धा उन्हाने तापल्या होत्या.

गोदीच्या लग्नानंतरच्या साली काका वाशीमहून आले ते नेहमीपेक्षा उशिरा. रेंगी सोडली, बैलांना पाणी दाखवलं, पाटावर बसले. काकूने ताट वाढलं. मी भाकरी देत होते. काका काकूला म्हणाले, "नवा कारकून हाये कचेरीत. मराठीत बोलते. म्हने, तुमच्या गावात दोन तट हायेत, दोन अर्ज आले व्हते. एकच अर्ज करा म्हनून पयल्या सालीच कयवलं व्हतं."

काकूने तव्यावरून हात काढला. "मंग शालूनं तं पैसा नाई म्हनून वाचलं व्हतं."

काका अंबाडीच्या भाजीत भाकरीचा तुकडा कालवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "भाकर वाढ," ते म्हणाले.

मी भाकर वाढली. ते मला विचारतील म्हणून मी त्या संध्याकाळी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली, आठवडाभर पाहिली. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता त्याचीही खात्री वाटत नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी काकांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर एक मोठा कोरा कागद होता आणि काकूचं पितळी ताट. त्यांनी ताट कागदावर पालथं घातलं आणि कोळशाने त्याच्याभोवती रेघ ओढली. "गोल पंगतीत पयलं पान कोनाचं, कोनाले सांगता येते?" ते म्हणाले. "मधात तू मजकूर लिही. सह्या आजूबाजूनं करू." तो कागद ते दोन्ही पात्यांकडे घेऊन गेले. गणपतराव हसले. नारायणराव कागद फिरवून फिरवून बघत होते, त्यांना वर-खाली सापडेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या घराकडे तोंड असलेल्या बाजूला सही केली आणि समाधान पावले. दोन दिवसांत गोल भरला. काकू म्हणाली, "हे तं जात्याच्या दगडावानी दिसते."

दोन दिवस. पहिल्या सालीच मी ते पत्र जसं होतं तसं वाचलं असतं, तर काकांना हे ताट तेव्हाच सुचलं असतं. गोदी तेव्हा आठ वर्षांची होती.

उत्तर यायला फार दिवस लागले. तोवर महायुद्ध पेटलं होतं. शेलूबाजारात घासलेट मिळेनासं झालं होतं. पोस्टमन आला तेव्हा काका अंगणातच होते. त्यांनी हात पुसले आणि पाकीट, नेहमीसारखं, मला दिलं. त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे. दुसऱ्या कोणाला दिलं असतं तरी मी काही म्हणू शकले नसते.

मी उघडलं. अर्ज सर्व गावाचा एकमताचा असल्याची नोंद घेतली आहे, असं पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं की युद्धकाळातील काटकसरीमुळे नव्या शाळेसाठी रक्कम उपलब्ध नाही.

मी एकेक इंग्रजी शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला, गोदीला शिकवायची तसा. गावाचं एकमत त्यांनी मानलं, हे आधी सांगितलं. मग दुसऱ्या ओळीवर बोट आलं. त्या जागेला दुसरे शब्द नव्हते. मी म्हणाले, "काका, पैसा नाही म्हणतात."

काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. दूरच्या ढगात पाणी आहे की नाही ते बघतात तसे. मग त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली. या वेळी तो तसबिरीमागे ठेवला नाही, बंडीच्या खिशात घातला. खुंटीवरचं पागोटं घेतलं. "शेलूबाजारले जाऊन येतो," काकूला म्हणाले. "तिथं तो टपाल मास्तर हाये. त्याले इंग्रजी येते."

भर दुपार होती. रेंगी न जुंपताच ते पायी निघाले. दीड कोस जायचं, दीड कोस यायचं. त्या दिवशी मी आणि आईने मिळून दोन पायल्या ज्वारी दळली, गरज नसताना. दिवस कलल्यावर ते आले, पायांवर पाणी घेतलं, पाटावर बसले. काकूने विचारलं, "काय म्हने तो?"

"पैसा नाई म्हने," काका म्हणाले.

मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि मला म्हणाले, "बस शालू, तूबी जेवून घे."